बोटभर सैल

गाडीचा टप बारा सेकंदांत उघडतो असं मी कोणाला सांगितलं की लोक ‘बरं’ म्हणतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. त्यांचं काही चुकत नाही. आता सगळंच बटणावर उघडतं. पण त्या बारा सेकंदांपायी मी एका बाईला सहा वर्षं झिजताना पाहिलं आहे, आणि त्यातले शेवटचे तीन आठवडे ती माझ्यामुळे झिजली. म्हणून मला त्या सेकंदांचं मोल जरा जास्त वाटतं.

ती माझी धाकटी जाऊ. कारखान्यात तिला सगळे सेकंदबाई म्हणायचे, कारण तिच्या गळ्यात कायम सेकंद मोजायचं घड्याळ लटकत असे. कॅन्टीनमध्ये किटलीतून कपभर चहा पडायला किती वेळ लागतो तेही ती मोजायची. घरात आल्यावर घड्याळ खुंटीला लावायचं असा मी नियम केला होता. नाहीतर तिने माझं भांडी घासणंही मोजलं असतं.

आमच्या कारखान्यात वेगाच्या गाड्या बनत. फार नाहीत, दिवसाला चार-पाच. मी शिलाई विभागात होते. बैठकी, दारांची आतली अस्तरं आणि ज्या गाड्यांचा टप उघडतो त्यांचे कापडी टप आम्ही आठ बायका शिवायचो. उत्तरेच्या काचांखाली लांबलचक कापायचं टेबल आणि भिंतीला ओळीने आठ मशिनं. टपाचं कापड म्हणजे साधं कापड नव्हे. तीन पदरी, मधल्या पदरात रबर, सुईला घाम फोडणारं. दोन तास शिवलं की खांदे दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे वाटायचे.

ती पहिल्यांदा आमच्याकडे आली ती कापड बघायला. वरच्या मजल्यावरचे इंजिनियर खाली आले की सरळ कापडाला हात घालायचे, आणि मग त्यांचे ग्रीसचे डाग आम्ही पुसत बसायचो. ही आधी नळाकडे गेली. साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि मग विचारलं, हात लावू का. मी त्याच संध्याकाळी माझ्या दिराला म्हटलं, आमच्याकडे एक मुलगी आली आहे, तू एकदा येऊन भेट. पुढचं त्या दोघांनी केलं. पण हिला या घरात कोणी आणलं असं कोणी विचारलं की माझे यजमान माझ्याकडे मान वळवून म्हणायचे, "हिने. साबणावरून."

आम्ही वर, ते दोघं खाली, आणि स्वयंपाकघर एकच. ती मला ताई म्हणायची. तिचं ऐकून हळूहळू सगळा कारखानाही मला ताई म्हणायला लागला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे फोरमनसुद्धा.

आता टपाचं सांगते. जुना टप म्हणजे मोठी छत्री. लोखंडी काड्या आणि वर ताणलेलं कापड. गाडी हळू चालवली तर ठीक, पण आमच्या गाड्या हळू चालवायला कोणी घेत नसे. वेग दीडशेच्या पुढे गेला की कापड उशीसारखं फुगायचं, फडफडायचं, आणि आतल्या दोघांना ओरडून बोलावं लागायचं. यजमान म्हणत, भांडकुदळ नवराबायकोला ही गाडी भेट द्यावी, कोण काय बोललं ते कळणारच नाही. दुसरा प्रकार अख्ख्या पत्र्याच्या टपाचा. तो शांत, पण जड. शिवाय दुमडून ठेवला की डिकीत रुमालालासुद्धा जागा उरत नसे.

हिचं म्हणणं असं की वरून कापड असू दे, पण कापडाच्या पोटात पत्रा असू दे. एक दिवस जेवणं झाल्यावर तिने माझ्या टेबलावर तीन पुस्तकं कडेला कडा लावून मांडली आणि त्यावर टेबलाचं कापड पसरलं. म्हणाली, हा बंद टप. मग तिने पुढचं पुस्तक मधल्यावर सरकवलं, ती दोन्ही मागच्यावर, आणि मधलं कापड बोटाने हळूच आत खोचत गेली. शेवटी तिन्ही पुस्तकं एकावर एक, आणि कापड त्यांच्यामध्ये शहाण्यासारखं घड्या घालून बसलेलं. "एवढंच," ती म्हणाली. तेवढ्यासाठी सहा वर्षं गेली.

पुस्तकांच्या जागी मॅग्नेशियमचे तीन पत्रे आले. इतके हलके की त्यातला एक मी दोन बोटांवर तोलला होता. टप बंद असला की तिन्हींच्या कडा एकमेकींना भिडायच्या आणि पक्क्या टपाच्या गाडीची जी कमान, तीच हुबेहूब कमान दिसायची. बटण दाबलं की पत्रे पत्त्यांसारखे एकावर एक जमायचे, मागची काच सर्वांत शेवटी आडवी होऊन त्यांच्या खाली शिरायची, आणि सगळा टप वीतभर उंचीच्या खणात मावायचा. दोन पत्र्यांमधलं कापड आत ओढून घ्यायला रबरी पट्टे होते. कापडाने कुठे दुमडायचं, किती आत जायचं, सगळं ठरलेलं. आणि हे सगळं गाडी उभी करून नाही. ताशी पन्नासने चालत असतानासुद्धा.

पत्र्यांना उचलणारे जे लोखंडी हात होते, ते तिने असे बारीक आणि वळणदार बनवले होते की त्यातला पहिला हात ती रुमालात गुंडाळून घरी दाखवायला घेऊन आली. लहान मूल दाखवतात तसा. मला त्यातलं काय कळणार? पण हात फिरवला तर कुठे कोपरा लागत नव्हता. जिथे जोर येतो तिथे जाड, जिथे येत नाही तिथे बारीक. चांगल्या शिवलेल्या बाहीसारखा. तसं मी म्हटल्यावर तिला फार आनंद झाला होता.

लोखंडी सांगाड्यावर तो टप सहा हजार वेळा उघडला आणि मिटला. एकदाही अडला नाही. मग मोठ्या साहेबांनी खऱ्या गाडीवर बसवून धावपट्टीवर चाचणी घ्यायला परवानगी दिली. तीन चाचण्या. तिसरीपर्यंत टप उतरला नाही तर गाडी फक्त पक्क्या टपाची निघणार, टपाचा विभाग बंद होणार, आणि हिची बदली दारांच्या मुठींकडे. साहेबांनी हे रागाने नाही, अगदी शांतपणे सांगितलं होतं. त्यामुळे ते खरं होतं.

गाडीवरच्या टपाचं कापड आमच्या विभागाने शिवलं. म्हणजे मीच. दुसऱ्या कोणाला मी हात लावू दिला नाही.

पहिल्या चाचणीत वेग दोनशेला गेला आणि दुसऱ्या सांध्यावर कोणीतरी बोटांनी डबा वाजवावा तसा आवाज सुरू झाला. परत येताना टप उघडायला घेतला, तर नवव्या सेकंदाला अडला. अर्धा वर, अर्धा खाली. दोन पत्र्यांच्या कडांमध्ये कापडाची एक लहानशी ओठासारखी पट्टी चिमटून बसली होती. दहा दिवसांनी दुसरी चाचणी. तोच आवाज, तोच नववा सेकंद.

गाडी चालवणारा माणूस फार कमी बोलायचा. त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. तो गाडीतून उतरला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "पक्षी पिंजऱ्यात चांगला उडत होता." एवढं बोलून चहा प्यायला गेला.

जावेने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. सांगाडा हलत नाही, गाडी हलते. वेगात गाडीचं अंग पिळवटत असणार, पत्रे केसभर सरकत असणार, म्हणून कापड चिमटतं. म्हणजे पत्रे उचलणारे हात कमजोर. ते जाड करायला हवेत. हात जाड केले की वजन वाढणार, वजन वाढलं की मोटर मोठी, मोटर मोठी की खण मोठा. सहा वर्षं जे जे कमी केलं होतं ते ते सगळं एकेक करून परत यायला लागलं.

ती घरी येऊन घड्याळ खुंटीला लावायचं विसरू लागली. मी तिला आठवण करून दिली नाही.

एका रविवारी दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. ती ताटाशेजारी कागद घेऊन आकडे मांडत होती आणि दीर तिच्या ताटातलं जेवण गार होताना बघत होता. माझ्या यजमानांचा गाड्यांशी संबंध बसच्या तिकिटापुरता. त्यांनी आपलं सहज विचारलं, कापड बघितलंस का नीट?

तिने मान वर न करता सांगितलं, "कापडाकडे बघायचं कारणच नाही, दादा. ते ताईंनी शिवलंय."

मला आधी बरं वाटलं. मग हातातला घास हातातच राहिला.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. शिवणीच्या आत जी माया, म्हणजे जादा कापड, दडवतात ती वेगळी, ती सगळेच ठेवतात आणि ती कागदावर असते. पण आमच्या विभागाची आणखी एक रीत होती, जी कुठल्याही कागदावर नव्हती. मला शिकवणारे मास्तर म्हणायचे, "कापड आखडतं आणि माणूस फुगतो. दोघांसाठी बोटभर सोडावं." टपाला तीन आडव्या शिवणी असतात. प्रत्येक शिवणीला बोटाचा तिसरा हिस्सा जास्त सोडायचा, मिळून बोटभर सैल. आज ते कोणाला दिसत नाही, छत्रीच्या काड्या ते ताणून घेतात. पण दहा-बारा वर्षं ऊन खाल्ल्यावर कापड आखडतं, आणि तेव्हा ज्याचा टप फाटत नाही तो आमच्या नावाने दुवा देतो, आमचं नाव माहीत नसलं तरी. मास्तरांनी हे मला पहिल्या वर्षी शिकवलं, मी ते सात जणींना शिकवलं. आम्ही कधी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं. श्वास घेतो असं कोण सांगतं?

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी मी कामावर गेले. लोखंडी सांगाड्यावरचं कापड हिच्याच विभागातल्या माणसांनी आकृतीवरून कापून चिकटवलेलं होतं. दुसऱ्या चाचणीनंतर सांगाडा आणि गाडी दोन्हींवरून कापडं उतरवून ठेवली होती. मी ती टेबलावर एकावर एक अंथरली, मागच्या कडा जुळवल्या आणि पुढे येत गेले. पहिल्या शिवणीला माझं कापड थोडं पुढे. दुसऱ्या शिवणीला आणखी थोडं. पुढच्या कडेला पोचले तर माझं कापड तिच्या कापडाच्या बरोबर बोटभर पुढे आलेलं. मी माझं बोट ठेवून पाहिलं. उगाचच. मला माहीतच होतं.

तिच्या टपात सैल कापड ताणून घ्यायला काड्या नव्हत्या. पत्रे होते, आणि ते आपल्या जागेवरून हलत नाहीत. रबरी पट्टे ठरलेलं कापड आत घेत होते, आणि न ठरलेलं बाहेर ओठ काढून बसत होतं.

लगेच जाऊन सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. दोन दिवस सांगितलं नाही. वीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही टप परत आला नव्हता, हे एक कारण. शिलाई बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू असं साहेब अधूनमधून बोलायचे, आणि माझ्या मागे सात जणी होत्या, हे दुसरं. ही दोन्ही कारणं सांगण्यासारखी आहेत. तिसरं सांगण्यासारखं नाही, पण आता या वयात लपवून काय करू? सासूबाई असताना येणाऱ्याजाणाऱ्याला धाकट्या सुनेचं कौतुक ऐकवायच्या. माझी इंजिनियर सून, असं. मग माझ्याकडे बघून, ही पण तिथेच असते. त्यामुळे हिचंही काही अडू शकतं, हे बघून माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात जरा बरं वाटलं होतं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ते संपलं.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या विभागात काहीतरी निमित्त काढून गेले. ती उभी राहून गाडीवरच्या टपाचे लोखंडी हात सोडवून घेत होती. तिच्याच माणसाने तो बारीक वळणदार हात काढला, तिला दाखवला, आणि तिने मान हलवल्यावर भंगाराच्या पेटीत टाकला. आवाज झाला. ती त्या आवाजाकडे वळलीसुद्धा नाही. पुढच्या जाड हाताची आकृती बघत राहिली.

मी खाली गेले, दोन्ही कापडं खांद्यावर टाकली, परत जिना चढून आले. आधी पेटीतून तो हात उचलला, पदराने पुसला आणि तिच्या टेबलावर ठेवला. मग कापडं अंथरली. मागच्या कडा जुळवल्या. पुढच्या कडेशी येऊन माझं बोट आडवं ठेवलं.

तिने दोन्ही कडा बोटाने चाचपल्या. मग गळ्यातलं घड्याळ काढून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मुद्दाम सोडलंत?"

"हो."

"कशासाठी?"

मी सांगितलं, आखडतं म्हणून. मास्तरांचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, बोटाच्या तिसऱ्या हिश्श्याचं सांगितलं. शेवटी हेही सांगितलं की मला सोमवारीच कळलं होतं आणि आज गुरुवार आहे.

तिने सोमवारबद्दल काहीच विचारलं नाही. पुढे आयुष्यभर विचारलं नाही. तिने विचारलं ते असं, "किती वर्षांत आखडतं?"

"दहा-बारा."

ती खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होते मी, तर तो तिथे नव्हता. "म्हणजे मी बारा सेकंदांचा विचार करत बसले होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही बारा वर्षांचा."

मग तिने तो बारीक हात उचलला, उजेडाकडे धरून इकडून तिकडून पाहिला, आणि आपल्या माणसाला हाक मारून सांगितलं की सगळे जुने हात परत बसव.

तिसऱ्या चाचणीला चार दिवस उरले होते. नवं कापड काटेकोर शिवायचं, बोटभर काय, केसभरही सैल नको. सोपं वाटतं ना? माझ्या हातांना ते जमेना. मी आकृतीवर खडूने रेघ मारायचे आणि मशिनवर बसले की बोटं आपोआप रेघेच्या बाहेर जायची. वीस वर्षांची सवय. डोक्याचं ऐकतील ती बोटं कसली? पहिलं कापड उसवलं. दुसरं फुकट गेलं. सात जणी आपापल्या मशिनवर खाली मान घालून हसत होत्या, आणि मला ते दिसत होतं.

शेवटी मी जावेकडे तिचे तिन्ही पत्रे मागितले. ते टेबलावर कडेला कडा लावून ठेवले आणि कागदावरून नाही तर थेट पत्र्यावरून कापड बेतलं. पत्र्याच्या कडेशी बोट थांबतं. तिथे त्याला पुढे जायला जागाच नसते. प्रत्येक शिवण टाचून झाली की कापड पत्र्यावर चढवायचं, बघायचं, मग पक्की शिवायची. ती शेजारी उभी राहून बघत होती. घड्याळ गळ्यात होतं, पण तिने ते एकदाही दाबलं नाही.

तिसऱ्या चाचणीच्या सकाळी आधी पाण्याची खोली. चारी बाजूंनी फवारे, वीस मिनिटं. आत बैठकीवर ठेवलेला टिपकागद कोरडा निघाला. मग धावपट्टी. मोठे साहेब कोटाच्या खिशात हात घालून उभे होते. मौनीबाबाचा एक नियम होता, ज्याने बनवलं त्याने शेजारी बसायचं. आधीच्या दोन्ही वेळा जाऊ बसली होती. ती दाराकडे निघाली तर त्याने तिला हाताने थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "आज ताई."

मी म्हटलं, मला चक्कर येते. तो म्हणाला, "सगळ्यांनाच येते."

आमच्या गाड्यांच्या मी शेकडो बैठकी शिवल्या होत्या, त्यांवर बसले कधीच नव्हते. पट्टा बांधला. माझं डोकं माझ्याच कापडाखाली, वर हाताच्या अंतरावर. गाडी निघाली तेव्हा पाठ बैठकीला चिकटली, आणि दुतर्फाच्या खांबांची एक भिंतच झाली. शंभर. दीडशे. मी वर बघत होते, समोर बघायची हिंमत नव्हती. दोनशे. सांध्याजवळ कान लावल्यासारखी मी त्या आवाजाची वाट बघत होते. दोनशे वीस. दोनशे चाळीस. बाहेर वारा पिसाळल्यासारखा ओरडत होता, आणि टप मात्र घरातल्या छतासारखा जागच्या जागी. कुठे फुगवटा नाही, कुठे थरथर नाही. इतकं शांत की मौनीबाबाने घसा खाकरला तो मला ऐकू आला.

"ऐकू येतंय?" त्याने विचारलं. हळू आवाजात.

"येतंय," मी म्हटलं. तेही हळूच. त्या वेगात दोन माणसं कुजबुजत होती. छत्रीचे टप शिवण्यात वीस वर्षं गेलेल्या बाईला ते केवढं वाटलं, हे मी कसं सांगू?

मग वेग उतरत पन्नासवर आला आणि त्याने बटण माझ्याकडे दाखवलं. मी दाबलं. एक, दोन असं मोजायला लागले. पुढची कडा काचेपासून सुटली आणि उजेडाची एक रेघ आत आली. चार, पाच. पहिला पत्रा मागे सरकला, कापड आपण होऊन आत वळलं. सात, आठ. दुसरा पत्रा निघाला. नऊ.

नऊ मी मोठ्याने म्हटलं असावं, कारण मौनीबाबा हसला. दहा. काच मान खाली घालून आत शिरली. अकरा. खणावरचं झाकण मिटलं. बारा.

वर फक्त आकाश होतं. एवढं मोठं आकाश मी कारखान्याच्या आवारात कधी बघितलं नव्हतं, आणि ते दर दिवशी तिथेच होतं. मी मागे वळून बघितलं, तर टप कुठे नव्हताच. जिथे एवढं सगळं शिरलं तिथे गाडीची साधी, गुळगुळीत पाठ. मी त्याचा टाकान्टाका शिवला होता, तरी तो कुठे गेला ते मला कळेना. मला एकदम रडू आलं. मौनीबाबा म्हणाला, वारा डोळ्यात जातो.

दूरवर जाऊ उभी होती. तिने घड्याळ दाबून वर धरलं होतं. साहेबांनी खिशातून हात काढले आणि तिच्याशी हस्तांदोलन केलं.

चाचणीचा अहवाल तिने लिहिला. मी तो वाचायला मागितला, कारण मला त्यात माझं नाव बघायचं होतं. चूक माझी, तर नावही माझं हवं. त्यात लिहिलं होतं की आधीच्या दोन्ही चाचण्यांत टप अडण्याचं कारण, आकृतीत शिलाईतला सैलपणा नमूद केलेला नव्हता. खाली तिची सही. मी भांडले. म्हटलं, मला पाठीशी घालू नकोस. ती म्हणाली, "पाठीशी कुठे घालतेय? तुमच्या हातात जे होतं ते माझ्या कागदावर नव्हतं. सहा वर्षांत मी एकदा खाली येऊन विचारलं नाही. हा कागदाचाच दोष आहे, ताई."

त्यानंतर ती विचारायला आली. जवळजवळ महिनाभर रोज दुपारी, हात धुऊन. कापड लांबीत जास्त आखडतं की रुंदीत? पहिल्या चार वर्षांत किती, पुढच्या चार वर्षांत किती? गडद रंगाचं लवकर आखडतं का? मी आठवून आठवून सांगायचे, आमच्याकडे दुरुस्तीला आलेले जुने टप काढून दाखवायचे. ती लिहून घ्यायची. मला वाटलं, हुशार माणसाला सगळंच जाणून घ्यायचं असतं. एक दिवस तिने टपाच्या मागच्या टोकाची, जिथे कापड एका पट्टीला पकडलेलं असतं तिथली आकृती बदलली एवढं मला कळलं. काय बदललं ते मी विचारलं नाही. मग त्या गाड्या बनायला लागल्या, आमच्या आठ मशिनांची बारा झाली, आणि आम्ही पत्र्यावरून काटेकोर कापड बेतत राहिलो. दर वेळी मला वाटायचं, बारा वर्षांनी याचं कसं होणार. पण ते मनातच ठेवायचे.

ती जाऊन आता तीन वर्षं झाली. कारखान्याकडून तिच्या वाट्याला आलेली तसल्या टपाची एक गाडी तिच्या मुलीकडे, म्हणजे माझ्या पुतणीकडे आहे. गेल्या महिन्यात पुतणी म्हणाली, काकू, टप बंद होताना पुढे जोर लावतोय, गॅरेजला चाललेय, चल तुला फिरवून आणते. मी काठी घेऊन निघाले.

गॅरेजवाला चाळिशीतला माणूस. मला ओळखायचं त्याला काही कारण नव्हतं. त्याने टप अर्धा उघडून मागे हात घातला, विजेरीने आत पाहिलं आणि पुतणीला म्हणाला, "ताईचं बोट शेवटच्या खाचेवर आलंय. आता कापडच नवं घालावं लागेल."

पुतणीने विचारलं, कोणाचं बोट?

त्याने तिला वाकून दाखवलं. मीही काठी टेकवून वाकले. कापड पकडणाऱ्या पट्टीला एका रांगेत तीन खाचा होत्या. कापड नवं असताना पट्टी पहिल्या खाचेवर. काही वर्षांनी आखडलं की एक खाच पुढे घ्यायची, कापड तेवढं सैल होतं. मग आणखी एक. तिन्ही मिळून किती, ते मला मोजायची गरज नव्हती, पण मी माझं बोट आत घालून आडवं ठेवलं. बोट आता सुरकुतलेलं आणि जरा वाकडं आहे. तरी बरोबर बसलं.

त्या पट्टीला हे नाव का, असं पुतणीने विचारलं. गॅरेजवाला म्हणाला, काय माहीत, कारखान्याच्या पहिल्या आकृतीपासून तेच नाव आहे, आम्ही पण तेच म्हणतो. कोणीतरी ताई असेल.

मला वाटलं होतं, माझं बोट तिने टपातून काढून टाकलं. तिने ते कापडातून काढून लोखंडात ठेवलं होतं, जिथे ते बारा सेकंदांच्या आड येणार नाही आणि प्रत्येक नव्या कापडाला पुन्हा पुरेल.

नवं कापड पुतणीने आणलं आहे. ती शिवणकाम शिकली आहे, आईकडून नाही, माझ्याकडून. माझ्या हातात आता तेवढा जोर नाही, म्हणून मी खुर्चीत बसते आणि ती शिवते. गॅरेजवाल्याने तिन्ही पत्रे काढून दिले, ते आम्ही जेवणाच्या टेबलावर कडेला कडा लावून मांडले. तिने खडू हातात घेतला, पहिल्या शिवणीशी थांबली आणि विचारलं, "काकू, किती सोडू?"

"काही सोडू नकोस," मी म्हटलं. "तुझ्या आईने सोडून ठेवलंय."